दोन रकान्यांचं बेट

दर गणपतीला एक व्हिडिओ फिरतो, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेलच. मॉरिशसचा गणपती. साड्या नेसलेल्या बायका, ढोलकी, टाळ, समुद्रावर विसर्जन, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की बघा, सातासमुद्रापार यांनी मराठी कशी जपलीये आणि इथे आपली पोरं एकोणचाळीस म्हणजे थर्टी नाइन का फॉर्टी नाइन ते विचारतात. मी पण पूर्वी हात जोडलेला इमोजी टाकून पुढे ढकलायचो. आता नाही ढकलत.

झालं असं की काही वर्षांपूर्वी ऐन गणपतीत तिकडे जायचा योग आला आणि ओळखीतल्या ओळखीने व्हाक्वाजवळच्या एका घरी आरतीचं बोलावणं मिळालं. व्हाक्वा म्हणजे बेटाच्या मधल्या पठारावरचं गाव, हनिमूनच्या पोस्टरवर असतं तसं निळंशार बिळंशार तिथे काही नाही, गार हवा आणि भुरभुर पाऊस. ओट्यावर चपलांचा ढीग, आत मखर, लाइटच्या माळा, सगळं आपल्यासारखंच. आरत्या सुरू झाल्या. पोरांच्या हातात रोमन लिपीत छापलेली पुस्तिका होती पण ती नुसती धरायला, पाठ सगळ्यांनाच होत्या, आणि शेवटी लोटांगणाची ओळ आली तसं अख्खं घर, आजीपासून चार वर्षांच्या पोरापर्यंत, जागच्या जागी स्वतःभोवती गर्रकन फिरलं, बरोब्बर त्याच शब्दाला, आमच्या चिपळूणच्या घरी फिरतात तसंच. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मग आरती संपली, प्रसाद वाटला, आणि सगळेच्या सगळे त्या बेटाची रोजची भाषा, क्रिओल, बोलायला लागले.

सगळे म्हणजे अगदी सगळेच. नवरा-बायको क्रिओल, पोरं क्रिओल, प्रसादाच्या ताटाजवळ आलेल्या मांजराला हाकललं तेही क्रिओलमध्ये. यजमान काका रिटायर्ड मास्तर, शाळेत मराठी शिकवायचे, ते माझ्याशी मराठीत बोलले पण ती मराठी 'आपण भोजन करूनच जावे' अशी, पाठ्यपुस्तकातून इस्त्री करून आणलेली. कोपऱ्यात त्यांची आई बसलेली, ऐंशीच्या पुढची. तिला पुस्तकातलं काही येत नव्हतं, ती मला बघून एवढंच म्हणाली, "हितं बस. जेवलास?" त्यापुढे तिचीही गाडी क्रिओलवर. पण ते 'हितं' थेट माझ्या आत्याचं होतं. म्हणजे त्या घरात दोन मराठी होत्या, एक आजीबरोबर जाणारी आणि एक काकांनी शिकवलेली, आणि दोन्हीपैकी एकीतही कुणी भांडत नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. मॉरिशसच्या जनगणनेच्या फॉर्ममध्ये भाषेचे दोन रकाने असतात हे मला तिकडेच कळलं. एक, घरात बहुतेक वेळ कुठली भाषा बोलता. दोन, तुमच्या पूर्वजांची भाषा कुठली. आपल्याकडे मातृभाषा एवढा एकच शब्द असतो आणि त्यात आपण सगळं कोंबतो, तिकडे त्याचे दोन तुकडे केलेत, आणि त्या बेटाचं गेल्या पाऊणशे वर्षांचं राजकारण बरंचसं त्या दुसऱ्या रकान्यावर चाललंय. माझं म्हणणं असं आहे की दुसरा रकाना कितीही थाटात भरला तरी त्याने पहिला भरत नाही. आणि सरकारांना, पक्षांना, मंडळांना कायम दुसराच आवडतो कारण त्यावर सुट्टी जाहीर करता येते, पुतळा उभारता येतो, अनुदान देता येतं. पहिल्या रकान्यासाठी घरात बोलावं लागतं, ते सरकारच्या हातात नाही.

हे का म्हणतोय ते कळायला बेट थोडं बघावं लागेल. मादागास्करच्या पूर्वेला ज्वालामुखीतून वर आलेलं, लांबी जेमतेम पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीस, सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणापर्यंत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. सगळ्यात उंच डोंगर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या राजगडाहूनही कमी. लोक साडेबारा लाखांच्या आसपास. आणि मुख्य गोष्ट, इथे मूळचं कुणीच नाही. अरब खलाशांना माहीत होतं, पोर्तुगीज येऊन गेले, पण वस्ती अशी कुणी केली नव्हती. १५९८ मध्ये डच उतरले, त्यांच्या राजपुत्राचं मॉरिट्स हे नाव दिलं, १६३८ पासून वसाहत टाकून बघितली, डोडो संपवला, जावाहून ऊस आणला आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. त्यांच्यामागे फ्रेंच आले १७१५ मध्ये. त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणले, थोडे आपल्या दक्षिणेकडूनही, आणि या एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी मालकाच्या फ्रेंचमधून शब्द उचलून आपली एक भाषा उभी केली. तीच क्रिओल. फ्रेंचमधलं आर्टिकल शब्दालाच चिकटून गेलं, म्हणून भाताला दिरी, पाण्याला दिलो, घराला लाकाझ. शाळेत फ्रेंच शिकलेल्याला ऐकून हसू येतं, पण मराठीतल्या 'टेबलावर' आणि 'डब्यातल्या'ला कुणी हसलं तर आपल्याला कसं वाटेल ते बघा.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. पण शरणागतीच्या करारातच कबूल केलं की इथल्या लोकांचा धर्म, कायदे, रीतिरिवाज तसेच ठेवू. त्यामुळे इंग्रजी आली ती ऑफिसात आणि शाळेच्या पुस्तकात, बैठकीच्या खोलीत कधी शिरलीच नाही. आजही तिथे प्रकार असा की सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, बोलणं क्रिओलमध्ये. संसदेची भाषा इंग्रजी, अध्यक्षांना उद्देशून फ्रेंच बोललं तर चालतं, असं घटनेतच लिहिलंय. जी भाषा दहातले आठ-नऊ जण घरी बोलतात तिचं घटनेच्या त्या कलमात नाव नाही.

आपली माणसं आली ती गुलामगिरी संपता संपता. १८३५ मध्ये साठ हजारांवर गुलाम मोकळे झाले, आणि नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, वीस लाख पौंडांच्या वर. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांना काही नाही. (हे दर वेळी वाचलं की डोकं फिरतं, असो.) उसाला हात हवेत म्हणून मालकांनी हिंदुस्थानाकडे बघितलं. २ नोव्हेंबर १८३४ ला अ‍ॅटलस नावाच्या जहाजातून छत्तीस माणसं पोर्ट लुईला उतरली, आणि पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास. बंदरावरचा तो आप्रवासी घाट, त्याच्या सोळा पायऱ्या, २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बहुतेक माणसं कलकत्त्याहून गेली, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, तमिळ-तेलुगू मद्रासहून, आणि सगळ्यात लहान वाटा मुंबई बंदराचा, त्यात आपले कोकणातले आणि घाटावरचे. तसं त्याआधीही मुंबई आणि बंगालमधून कैदी पाठवले होते रस्ते बांधायला, डार्विन १८३६ मध्ये तिथे गेला होता तेव्हा त्याने हे कैदी बघितले होते. आडनावांचं म्हणाल तर कारकुनाने बापाचं नाव विचारून लिहिलं आणि तेच आडनाव झालं, त्यामुळे तिथे पाटील-कदम शोधत बसू नका, भिवाजी, सखाराम, राघू ही आडनावं आहेत. हेन्रिएटा भागात एका भिवाजी कुटुंबानेच १८९६ मध्ये बेटावरचा पहिला गणपती बसवला असं तिकडे सांगतात. टिळकांच्या सार्वजनिक गणपतीनंतर अवघ्या तीन वर्षांत.

तर आपली माणसं उतरली तेव्हा बेटावर क्रिओल आधीच बसलेली होती. उसाच्या मळ्यातल्या वस्तीत भोजपुरीवाले इतके जास्त की तमिळ काय नि मराठी काय, सगळ्यांनाच कामापुरती भोजपुरी यायला लागली. म्हणजे आपली मराठी तिथे पहिल्या दिवसापासून दुहेरी अडकित्त्यात होती. ती तीन-चार पिढ्या टिकली हेच विशेष, आणि ती टिकली ती बायकांच्या तोंडी, चुलीपाशी, आणि झाकरीत. झाकरी म्हणजे आपली जाखडी, बाल्या नाच. रत्नागिरीकडे गणपतीत घुंगरू बांधून गोल फिरून नाचतात तेच, तिकडे अजून नाचतात.

इथपर्यंत सगळं पहिल्या रकान्यातलं. दुसरा रकाना आला तो मतांबरोबर. १९४७ ची नवी घटना झाली तेव्हा ठरलं की बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी कुठल्याही एकीत सोपं वाक्य लिहिता-वाचता येत असेल त्याला मत. त्याआधी मत होतं ते मालमत्तेवाल्यांना, बारा हजारही मतदार नव्हते, १८४८ नाही बरं का, १९४८ ची गोष्ट सांगतोय, ते एकदम सत्तर हजारांवर गेले. बासदेव बिसुनदयाल या समाजसुधारकाने आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बैठकांमध्ये, कंदील लावून, ऊसतोड्यांना अक्षरं शिकवली. (बैठका हा शब्द तिकडे अजून आहे, गावातली एकत्र जमायची आणि शिकायची जागा.) दिवसभर कोयता चालवलेल्या हाताने माणूस सही करायला शिकला आणि त्या सहीने त्याने मालकाचा माणूस पाडला. याच्याइतकी सुंदर गोष्ट भाषेच्या इतिहासात मला फारशी माहीत नाही, आणि हे मी मनापासून म्हणतोय कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल हा शाळेतल्या भाषांच्या विरोधात आहे. नाहीये.

पण झालं असं की तिथून भाषा म्हणजे मोजणी झाली. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ चं. त्याच्या आदल्या वर्षीच्या निवडणुकीत चव्वेचाळीस टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांना पडली होती, कारण बाकीच्यांना भीती होती की इंग्रज गेले की हिंदूंचंच राज्य येणार. मग तडजोड म्हणून 'बेस्ट लूझर' नावाची भानगड. निवडणुकीत हरलेल्यांपैकी आठ जणांना जमातीचा तोल सांभाळायला संसदेत घ्यायचं, आणि जमाती चारच, हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. उमेदवाराने फॉर्मवर आपली जमात लिहायचीच. ही मोजणी अजूनही १९७२ च्या जनगणनेवर चालते, कारण त्यानंतर जमात विचारणंच बंद केलं. जमात विचारायची नाही म्हटल्यावर विचारायला उरली ती पूर्वजांची भाषा. तेव्हा सगळे त्या रकान्यावर तुटून पडले यात नवल नाही.

आणि मग गमती बघा. घरात तीन पिढ्या भोजपुरी बोलणाऱ्यांना सांगितलं गेलं की भोजपुरी कसली लिहिताय, ती तर गावठी, आपली भाषा हिंदी. त्यांनी हिंदी लिहिलं. मुसलमानांनी उर्दू लिहिलं, आणि १९८३ च्या जनगणनेत तर कित्येक हजार जणांनी पूर्वजांची भाषा अरबी असं लिहिलं. पूर्वज बिहार आणि गुजरातचे! मराठी, तमिळ, तेलुगू लोकांनी आपापली लिहिली. तिकडे रोजच्या बोलण्यात 'हिंदू' म्हणजे फक्त हिंदी-भोजपुरीवाला, मराठी माणूस स्वतःला हिंदू न म्हणता 'मराठी' म्हणतो आणि तमिळ माणूस 'तमिळ'. आपल्या इथल्या कुठल्याच राजकारणात हे बसत नाही, म्हणून व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांना कुणी सांगत नाही. सुट्ट्याही तशाच वाटलेल्या, तमिळांना कावडी, तेलुगूंना उगादी, मराठी लोकांना गणेश चतुर्थी, हिंदूंना महाशिवरात्र. आपला पाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी, पण ती सुट्टी तेलुगूंच्या नावची, आपला कोटा गणपतीत संपला.

हे नुसतं गमतीवर थांबलं नाही. १९९५ मध्ये प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेत, जिच्या रँकवर चांगली हायस्कूलं मिळायची तिच्यात, या पूर्वजभाषांचे मार्क धरायचे का यावर रान पेटलं. सरकारने घटनादुरुस्ती आणली, ती पडली, संसद विसर्जित, निवडणूक, आणि तेव्हाचे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या पक्षाला मुख्य बेटावरच्या साठ जागांपैकी शून्य. मुलांच्या मार्कांवर सरकार गेलं! त्यानंतर तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, रिझर्व्ह बँकेसारखी त्यांची जी बँक आहे तिने नव्या नोटा काढल्या त्यावर तमिळच्या आधी हिंदी छापली. आधी क्रम उलटा होता. तमिळ लोक रस्त्यावर आले, नोटा मागे घेतल्या, बँकेच्या गव्हर्नरला जावं लागलं.

आता मला सांगा, ज्या भाषेच्या मार्कांसाठी सरकार पाडलं आणि जिच्या ओळीसाठी नोटा परत घ्यायला लावल्या ती घरात किती बोलतात? २००० साली सत्तर टक्के लोकांनी घरची भाषा क्रिओल सांगितली, बारा टक्क्यांनी भोजपुरी. २०११ मध्ये क्रिओल चौऱ्याऐंशी आणि भोजपुरी पाच. अकरा वर्षांत निम्म्याहून जास्त गेली. हिंदी, तमिळ, मराठी घरात बोलणारे म्हणाल तर अगदीच बोटावर. म्हणजे जिला शिक्षक मिळाले, पुस्तकं मिळाली, मोका नावाच्या गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट मिळाली, ती घरात आली नाही. आणि जी घरात होती ती भोजपुरी, तिला 'ही काय भाषा' म्हणून हाकललं, ती पण गेली. उरली ती जिला कुणीच काही दिलं नव्हतं.

मला हे कोडं फार दिवस सुटत नव्हतं. नेहमी आपण म्हणतो की पैशाची भाषा जिंकते. पण क्रिओलमध्ये पैसा कुठे होता, पैसा फ्रेंचमध्ये होता आणि नोकरी इंग्रजीत. मग काकांनी, त्या मास्तरांनी, जेवताना सहज सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. म्हणाले, आई मळ्यात होती तोवर घरात मराठी आणि भोजपुरी दोन्ही होत्या, मोठी बहीण फॅक्टरीत लागली आणि दोन वर्षांत घर क्रिओल झालं. १९७० मध्ये तिथे एक्सपोर्ट झोनचा, म्हणजे निर्यातीसाठीच्या कारखान्यांचा, कायदा झाला, कपड्यांचे कारखाने आले, गावागावातल्या मुली बसने शिवणकामाच्या लाइनवर जायला लागल्या. शेजारच्या मशीनवर आफ्रिकी वंशाची मुलगी, पलीकडे मुसलमान, त्यापुढे तमिळ. डबा खाताना, सुपरवायझरच्या नावाने बोटं मोडताना, प्रेमात पडताना कुठली भाषा? १९७७ ला हायस्कूल फुकट झालं, पोरं एकत्र आली. पासष्ट किलोमीटरच्या बेटावर कुणी कुणापासून किती दिवस लांब राहणार. आणि ज्या बायकांच्या तोंडी घरची भाषा होती त्याच घराबाहेर पडल्या, चांगलंच झालं, हातात पगार आला, पण येताना भाषा फॅक्टरीतली घेऊन आल्या. हे सरकारने ठरवलं नव्हतं, कुठल्या परिपत्रकात नव्हतं.

क्रिओलचंही एक दुखणं आहे आणि ते आपण लक्षात घेत नाही. गुलामांच्या वंशजांना दुसऱ्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं. मोझांबिकहून आणलेल्या माणसाची भाषा त्याच्या नातवापर्यंतही पोचली नाही. बाकीच्यांची पोरं शाळेत 'पूर्वजांची भाषा' शिकायची तेव्हा यांची पोरं नुसती बसायची, आणि जी भाषा त्यांच्याच पूर्वजांनी घडवली, जी आज सगळं बेट बोलतं, तिला भाषा मानायला सरकार तयार नव्हतं. शाळेत ती आली २०१२ मध्ये. तीही कशी, तर पर्यायी विषय म्हणून, हिंदी-तमिळ-मराठीच्या शेजारी, म्हणजे तुमचे पूर्वज मराठी तर मराठी घ्या, तुमचे क्रिओल तर क्रिओल घ्या. सगळ्यांची भाषा नेऊन एका जमातीच्या खात्यात टाकली! पहिल्या रकान्यातली भाषा उचलून दुसऱ्यात घातली. तिथले लेखक आणि भाषातज्ज्ञ देव विरासामी आयुष्यभर ओरडून सांगत होते की हिला क्रिओल म्हणू नका, मोरिस्यें म्हणा, म्हणजे मॉरिशसची. ते स्वतः तेलुगू घरातले. आणि खरंच, क्रिओलच्या स्वयंपाकघरात जाऊन बघा. कोथिंबिरीला कोतोमिली, कढीपत्त्याला कारिपुले, शेवग्याच्या पाल्याला ब्रेद मुरुम, हे सगळं तमिळमधून आलंय, आणि रस्त्यावर मिळते ती धोल पुरी बिहारची. ही भाषा आपल्या गिरमिटियांनीही, म्हणजे करारावर उसात कामाला नेलेल्या मजुरांनीही, घडवलीये. मग मराठी आजीच्या नातवाने ती 'आपली' म्हणायला आपली हरकत का?

आता यावर लोक म्हणणार, आणि काकांनी म्हटलंच, की शाळेत मराठी नसती तर आरतीसुद्धा गेली असती. हा मुद्दा खरा आहे. वीसेक हजार माणसं, अख्ख्या बेटाच्या दीड-दोन टक्के, त्यांना शाळेतला तो एक तास, त्यातून मिळालेल्या मास्तरकीच्या नोकऱ्या, मंडळं, फेडरेशन, गणपतीची सुट्टी यांनी एकत्र धरून ठेवलं. ते हवंच. माझं भांडण त्याला भाषा म्हणण्याशी आहे. तो नात्याचा प्रकार आहे, कुळाचार आहे. माहेर सुटलेली बाई माहेरच्या देवाचा नारळ दर वर्षी ठेवते तसा. त्याला कमी लेखायचं काही कारण नाही, पण तिला कुणी 'अजून माहेरीच राहते' म्हणत नाही.

आणि आपण मात्र म्हणतो. २०२३ मध्ये तिकडे मोक्याला शिवाजी महाराजांचा पुतळा झाला, इथून देवेंद्र फडणवीस गेले होते, दोन दिवस इथल्या चॅनलवर 'मॉरिशसमध्ये मराठीचा डंका'. डंका क्रिओलमध्ये वाजत होता हे कुणी सांगितलं नाही. मला राग पुतळ्याचा नाही. राग याचा की आपल्याला ते लोक पुरावा म्हणून हवे असतात. आपल्या भाषेचं सर्टिफिकेट. आणि त्यांच्यातला कुणी इथे आला, मुंबईच्या टॅक्सीत बसून मराठीत अडखळला, की आपणच म्हणणार, अरे तू मराठी ना? मला तिथल्या एका मुलीने सांगितलं की ती पुण्यात शिकायला आली होती तेव्हा हॉस्टेलवर तिला याच प्रश्नाने सगळ्यात जास्त रडवलं. तिला घरी 'मराठी' म्हणत होते, इथे येऊन कळलं आपण मराठी नाही.

आपल्याकडेही हळूहळू दोन रकाने होतायत, आणि इथे वीस हजार नाहीत, कोट्यवधी आहेत, म्हणून वेळ आहे एवढंच. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, आरडाओरडा झाला, २९ जूनला तो मागे घेतला, विजयाचे मेळावे झाले. त्या आरडाओरड्यात मीही होतो, सहा-सात वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादणं चूकच. पण त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याच विषयावर कडाडून जे भांडण झालं ते इंग्रजीत झालं, आणि भांडणारे सगळे मराठी. मॉरिशसची आठवण झाली. आणि भोजपुरीचीही झाली, कारण मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्या पोराला शाळेत 'नीट बोल' म्हणणारे आपणच. आजीचं 'हितं' दुरुस्त करून काकांची 'भोजन करावे' द्यायची आणि मग पोराने दोन्ही सोडून दिल्या की सरकारला जबाबदार धरायचं.

तिकडच्या शाळेत मराठी शिकवायचीच असेल तर माझ्यासारख्या बाहेरच्याचं एकच म्हणणं, ती क्रिओलमधून शिकवा. पोराच्या घरची भाषा ती आहे, तिला वर्गाबाहेर चपलांसारखी काढून ठेवायला लावू नका. मराठी ही पोराची दुसरी-तिसरी नव्हे, चौथी भाषा आहे हे एकदा मान्य केलं की निदान धड परकी भाषा म्हणून तरी शिकवता येईल. हे काही मला तिथे कुठल्या सेमिनारमध्ये सुचलं नाही, त्याच संध्याकाळी बघितलं.

जेवणं झाली होती. पुस्तिका धरून बसलेला सात-आठ वर्षांचा नातू आला आणि काकांना क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं, मला त्यातला 'लोटांगण' एवढाच शब्द कळला. काकांनी आधी समजावून बघितलं, हात जोडून, मान वाकवून, मग सरळ उठले, सत्तरीचा माणूस, झब्बा सावरला आणि मखरासमोर फरशीवर पालथे पडले, हात पुढे, कपाळ टेकलेलं. पोरगं खिदळलं. मग एकदम गप्प झालं, विचार केला, आणि दुसरा प्रश्न टाकला. या वेळी काका फरशीवरूनच माझ्याकडे बघून हसायला लागले. म्हणाले, "विचारतोय की लोटांगण म्हणजे जर असं झोपणं, तर त्या ओळीला आपण उभ्याउभ्या गोल का फिरतो? तुम्ही महाराष्ट्रातले, तुम्ही सांगा."

जन्मापासून फिरत आलोय मी त्या शब्दाला. आजीने माझ्याकडे बघितलं, पोराने बघितलं, आणि मी म्हटलं, चहा आहे का.